विश्लेषण : टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर बसवताना रिंग का तुटते?

पावसाळा सरता सरता कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत ग्रास कटर सुरू होतात, तर खरिपात पाठीवरचे पेट्रोल फवारणी पंप दिवसभर चालतात. यातली बरीच यंत्रे छोट्या टू-स्ट्रोक इंजिनावर चालतात. पिस्टन किट बदलणे हे त्यांच्या दुरुस्तीतले नेहमीचे काम. मात्र पिस्टनवरून सिलिंडर खाली उतरवतानाची काही सेकंदे चुकली, तर नवी रिंग तुटते आणि बोअरही खराब होतो. हे का घडते आणि कसे टाळायचे?

टू-स्ट्रोकचा सिलिंडर वेगळा कसा?

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-इंधन आत घेणे आणि धूर बाहेर सोडणे ही कामे व्हॉल्व्ह करतात. टू-स्ट्रोकमध्ये हेच काम सिलिंडरच्या भिंतीत ठेवलेल्या खिडक्या, म्हणजे पोर्ट करतात. पिस्टन वर-खाली होताना ते उघडतात आणि झाकले जातात. त्यामुळे पिस्टनवरच्या रिंगांना प्रत्येक फेरीत या खिडक्यांवरून दोनदा जावे लागते. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला १०० फेऱ्या होतात. म्हणजे रिंग एकाच पोर्टवरून सेकंदाला २०० वेळा सरकते.

रिंग हे पूर्ण कडे नसते, तिला एका ठिकाणी फट असते. फटीजवळची टोके पोर्टसमोर आली, तर ती बाहेर उसळून खिडकीच्या कडेला अडकतील. म्हणून पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन बसवलेली असते. रिंगची दोन्ही टोके या पिनच्या दोन बाजूंना राहतात आणि रिंग फिरू शकत नाही. जिथे पोर्ट नाही अशा भिंतीच्या पट्ट्यावरूनच फट सरकावी, अशी पिनची जागा ठरवलेली असते.

नेमकी चूक कुठे होते?

पहिली चूक पिनची. रिंगचे टोक पिनच्या बाजूला न बसता पिनवर चढले, तर रिंग खाचेत पूर्ण आत जात नाही. ती किंचित बाहेर राहते आणि सिलिंडरची कड तिच्यावर आपटते. अशा वेळी वरून जोर दिला की रिंग तुटते किंवा पिस्टनची खाच फुटते.

दुसरी चूक पिस्टनच्या दिशेची. बहुतेक पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो आणि तो एक्झॉस्ट पोर्टकडे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला ठेवायचा असतो. पिस्टन उलटा बसला तर पिनची जागाही बदलते आणि रिंगची टोके पोर्टवर येऊ शकतात. जोडणी बिनबोभाट होते. मोडतोड इंजिन सुरू केल्यावर होते.

तिसरी चूक सिलिंडर फिरवण्याची. अडकलेला सिलिंडर डावी-उजवीकडे पिळत खाली ढकलण्याची सवय अनेकांना असते. टू-स्ट्रोकमध्ये असे केल्यास रिंगचे टोक पोर्टमध्ये घुसून अडकते.

फोर-स्ट्रोकची सवय इथे का चालत नाही?

फोर-स्ट्रोक मोटारसायकलचा सिलिंडरही असाच पिस्टनवरून खाली उतरवतात. पण तिथे भिंतीत पोर्ट नसतात आणि खाचेत पिनही नसते. त्यामुळे रिंगांच्या फटी एकमेकींपासून दूर फिरवून ठेवतात. टू-स्ट्रोकमध्ये फटीची जागा पिनने आधीच ठरवलेली असते. ती बदलायला गेले की रिंग पिनवर चढलीच म्हणून समजा.

बसवण्याआधी काय तपासायचे?

एकटी रिंग सिलिंडरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ आत सरकवावी आणि फीलर गेजने फट मोजावी. बोअरच्या प्रत्येक १० मिलिमीटरला सुमारे ०.०४ मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब आहे. यामाहा आरएक्स १०० चा बोअर ५० मिलिमीटर. त्या हिशेबाने फट ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते. अंतिम आकडा मात्र त्या इंजिनाच्या मॅन्युअलचाच धरावा. फट फार कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि भिंत खरवडली जाते. फार जास्त असेल तर कॉम्प्रेशन गळते.

गजन पिनच्या सर्कलिप दर वेळी नव्या घ्याव्यात. त्या बसवताना क्रँककेसचे तोंड स्वच्छ कापडाने बंद ठेवावे. उडालेली सर्कलिप आत पडली, तर इंजिन पूर्ण उघडावे लागते. खालचे गॅस्केटही नवेच हवे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. तिथून हवा आत ओढली गेली, की मिश्रणात पेट्रोल आणि ऑइल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो.

सिलिंडर उतरवण्याची पद्धत काय?

कापड काढून, गॅस्केट ठेवून, मधे खाच कापलेली लाकडी पट्टी क्रँककेसच्या तोंडावर ठेवावी. कनेक्टिंग रॉड खाचेत येतो आणि पिस्टन पट्टीवर टेकून स्थिर राहतो. पिस्टन, रिंगा आणि बोअर यांना टू-टी ऑइल लावावे. मग वरच्या रिंगची टोके पिनच्या दोन बाजूंना आहेत हे डोळ्यांनी पाहून ती बोटांनी दाबावी आणि सिलिंडर सरळ खाली आणावा. सिलिंडरच्या खालच्या कडेला आतून उतार दिलेला असतो; तोच रिंगला आत घेतो. पहिली रिंग गेली की दुसरी, त्याच क्रमाने.

ग्रास कटरसारख्या यंत्रांत हेड आणि सिलिंडर बहुधा एकच असतात. वरून काही दिसत नाही, म्हणून बोटांना जाणवणारा अडथळा हीच सूचना. हाताच्या वजनापेक्षा जास्त जोर लागला, की थांबायचे, सिलिंडर वर घ्यायचा आणि पुन्हा पाहायचे. हातोडीला इथे काम नाही.

दोन्ही रिंगा आत गेल्यावर पट्टी काढावी, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळावेत आणि क्रँक हाताने सावकाश फिरवावा. एक्झॉस्ट पोर्टमधून रिंग दिसते. लाकडी काडीने हलके दाबल्यावर ती आत जाऊन परत बाहेर आली, तर शाबूत आहे.

एवढी काळजी कशासाठी?

रिंग तशी स्वस्त असते, पण तिचा तुकडा बोअरवर ओरखडे काढतो. बिडाचा सिलिंडर असेल तर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो. अनेक छोट्या इंजिनांत अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर आतून कठीण मुलामा असतो. तो खरवडला की गावच्या गॅरेजमध्ये बोअर मारून भागत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो. फवारणीचे दिवस त्यासाठी थांबत नाहीत.

जोडणीनंतर काय पाळायचे?

पहिले एक-दोन टाकी पेट्रोल संपेपर्यंत पूर्ण थ्रॉटलवर सलग काम करू नये. ऑइलचे प्रमाण कंपनीने सांगितलेलेच ठेवावे : ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, २५:१ म्हणजे ४० मिलिलिटर. हे माप झाकणाने अंदाजे न घेता मापाच्या बाटलीनेच घ्यावे. आणि आधीचा पिस्टन जाम झाला असेल, तर तो कशामुळे झाला हे शोधल्याशिवाय नवे किट घालू नये; नाहीतर तेच दुखणे नव्या पिस्टनलाही लागते.