फोन कुणाचा आहे, ते कळायला हवं

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं संसार केलेल्या बऱ्याच मराठी घरांत अजून लँडलाइन असते. रोजचं बोलणं मोबाइलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, पण लँडलाइनचा नंबर डॉक्टरांच्या कागदांवर, विम्याच्या पॉलिसीवर, मंडळाच्या यादीत आणि पुण्या-सांगलीतल्या आत्या-मावश्यांच्या वहीत असतो. त्यामुळे ती काढून टाकवत नाही. मग घरातलं कुणी जाणतं माणूस सुचवतं, की लँडलाइनवर येणारे फोन इंटरनेट फोनकडे वळवा. चार महिने भारतात राहिलात तरी ते मोबाइलमधल्या अ‍ॅपवर वाजतील.

वळवणं सोपं आहे. पुष्कळदा घोळ होतो तो त्यानंतर. फोन करणाऱ्याच्या नंबराऐवजी पडद्यावर आपल्याच घरचा नंबर उमटतो. डॉक्टरांचा दवाखाना, सख्खी मुलगी आणि एखादा भामटा, तिघंही त्याच एका नंबराने वाजतात. सत्तरीतल्या माणसांच्या बाबतीत मला ही किरकोळ गैरसोय वाटत नाही. अनोळखी नंबर दिसला की फोन उचलायचा नाही, एवढाच एक साधा बचाव त्यांच्या हाती असतो आणि तोच निघून जातो.

नंबर दिसतो कसा, हे पाहिलं की तो हरवतो कुठे हेही कळतं. न्यू जर्सीच्या हडसन काउंटीत, म्हणजे आज भारतीय वस्ती दाट असलेली जर्सी सिटी ज्या काउंटीत येते तिथे, १९८७ मध्ये कॉलर आयडी ग्राहकांना देऊन पाहिला गेला. तांब्याच्या तारेवरची त्याची पद्धत अजून तीच आहे. अमेरिकेत रिंग दोन सेकंद वाजते आणि मग चार सेकंद शांतता असते. पहिल्या रिंगनंतरच्या या शांततेत एक्सचेंज तारेवरून माहितीचा एक छोटा झोत सोडतं. १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर, सेकंदाला १२०० बिट हा वेग, आणि त्यात तारीख, वेळ, नंबर नि नाव. पहिल्या रिंगलाच झडप घालून फोन उचलला तर हा झोत हुकतो. भारतात बऱ्याच एक्सचेंजांनी दुसरी रीत धरली. तिथे बटणं दाबल्यावर उमटतात तेच सूर वापरून नंबर पाठवला जातो.

नावाची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेत ते फोन करणाऱ्याकडून येतच नाही. ज्याला फोन येतो त्याची कंपनी एका नोंदवहीत तो नंबर शोधते आणि सापडलेलं नाव दाखवते, तेही जास्तीत जास्त १५ अक्षरं. आपली लांब नावं मध्येच तुटतात ती यामुळेच. इंटरनेट फोनची सेवा ही शोधाशोध करत नसेल, तर नंबर शाबूत राहूनही नाव गायब होतं. त्यात फॉरवर्डिंगचा दोष नसतो.

आता फॉरवर्डिंगकडे येऊ. अमेरिकेत लँडलाइनचा रिसीव्हर उचलून स्टार ७२ दाबायचं आणि ज्या नंबराकडे फोन वळवायचे तो फिरवायचा. तबकडीच्या फोनवर स्टार नसतो, म्हणून तिथे ११७२. समोरून कुणी उचललं की फॉरवर्डिंग पक्कं होतं. कुणी उचललं नाही तर पुष्कळ कंपन्यांत दोन मिनिटांच्या आत तेच पुन्हा करावं लागतं. स्टार ७३ ने ते रद्द होतं. यानंतर फोन आला की बऱ्याच लाइनींवर घरचा फोन आठवणीपुरता एकदाच अर्धवट वाजतो आणि गप्प होतो, कारण कॉल घरापर्यंत येतच नाही. एक्सचेंजच तो पुढे धाडतं.

धाडताना एक्सचेंज पुढच्या एक्सचेंजला जो संदेश देतं, त्यात फोन कुणी केला, मुळात कुणाला केला आणि वळवला कुणी, या तिन्हींसाठी स्वतंत्र रकाने असतात. पोस्टमन जुन्या पत्त्यावरचं पाकीट नव्या पत्त्यावर पाठवतो, तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव खोडत नाही, तसंच हे असायला हवं. हा संदेश इंटरनेट फोनच्या भाषेत, म्हणजे एसआयपीमध्ये, उतरवला जातो तेव्हा कॉल कुणाकडून आला ते ‘फ्रॉम’ या ओळीत जायला हवं आणि वळवणाऱ्याचा नंबर ‘डायव्हर्जन’ या ओळीत. मधल्या एखाद्या कंपनीने वळवणाराच ‘फ्रॉम’मध्ये बसवला, की आपल्याला आपलाच नंबर दिसू लागतो. काही वेळा हे मुद्दाम केलेलं असतं. वळवलेल्या टप्प्याचं बिल वळवणाऱ्याच्या खात्यावर पडतं, म्हणून त्याचाच नंबर पुढे करणं कंपनीला सोयीचं जातं. काही वेळा मात्र तो नुसता सेटिंगचा प्रश्न असतो. गुगल व्हॉइसमध्येच पाहा. तिथून कॉल आपल्या मोबाइलकडे वळताना समोरच्याचा नंबर दाखवायचा की आपला गुगल व्हॉइसचा, हे आपण निवडू शकतो. कंपनीला दूषणं देण्याआधी तिथे एकदा पाहावं.

या सगळ्याची अवघड बाजू अशी, की दुसऱ्याचा नंबर प्रामाणिकपणे पुढे नेणं आणि दुसऱ्याचा नंबर लबाडीने लावणं, तांत्रिक अंगाने ही एकच कृती आहे. दोन्हींत कॉल पाठवणारा स्वतःचा नसलेला नंबर ‘फ्रॉम’मध्ये लिहितो. अमेरिकेत फसवणुकीसाठी असं करणं ‘ट्रुथ इन कॉलर आयडी’ कायद्याने गुन्हा ठरलं. त्यावर २०१० च्या डिसेंबरात सही झाली. तेवढ्याने भागलं नाही, म्हणून ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना ‘स्टर-शेकन’ ही सही-शिक्क्याची पद्धत सक्तीची झाली. कॉल जिथून निघतो ती कंपनी त्याला दाखला देते. ग्राहकही माझा आणि नंबरही त्याचाच, असा दाखला ‘ए’ दर्जाचा. ग्राहक माझा, पण नंबराचं सांगता येत नाही, तो ‘बी’. कॉल नुसता माझ्या दारातून गेला, तो ‘सी’. वळवलेल्या कॉलसाठी वेगळ्या दाखल्याची सोयही ठरवून दिलेली आहे. पण ही सही इंटरनेटच्या जाळ्यातूनच प्रवास करते. वाटेत जुनं एक्सचेंज आलं की ती गळून पडते. म्हणून माझं मत असं, की नंबर टिकवायचा असेल तर कॉल जितक्या कमी हातांतून जाईल तितकं बरं. स्टार ७२ हा सर्वांत सोपा मार्ग खरा, पण त्यात मध्ये येणारे हात आपल्याला निवडता येत नाहीत.

ज्यांना घरी उपकरण लावायची हौस आहे, त्यांच्यासाठी एफएक्सओ गेटवे असतो. लिंकसिसचा एसपीए ३१०२ एके काळी यासाठी पुष्कळ वापरात होता, आता ग्रँडस्ट्रीमचा एचटी ८१३ मिळतो. भिंतीतली फोनची तार त्याला जोडायची, तो राउटरला. लँडलाइन वाजली की गेटवे स्वतः फोन उचलतो आणि कॉल आपल्या अ‍ॅपकडे पाठवतो. यातली मेख एवढीच, की त्याने पहिल्या रिंगनंतरच्या शांततेत येणारा नंबर ऐकून मगच उचलायला हवं. म्हणून दुसऱ्या रिंगनंतर उचलण्याचं सेटिंग ठेवतात. कॉल थेट आपल्याच अ‍ॅपवर आला तर नंबर जसाच्या तसा दिसतो, कारण मध्ये कुणी परकं नसतं. तोच कॉल गेटवेवरून एखाद्या सेवेमार्फत मोबाइल नंबराकडे धाडला, तर ती सेवा बहुधा अडवते. स्वतःचा म्हणून पडताळलेला नंबरच लावा, असं ती सांगते आणि ते रास्त आहे. भारतातल्या लाइनला मात्र हा डबा लावून कॉल परदेशी नेऊ नयेत. परवान्याशिवाय चालणाऱ्या एक्सचेंजांवर तिथे धाडी पडतात.

अमेरिकेत कायमचा आणि माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे नंबरच इंटरनेट सेवेकडे पोर्ट करणं. मग वळवणं उरतच नाही आणि फोन करणाऱ्याचा नंबर सरळ येतो. गुगल व्हॉइसची वैयक्तिक सेवा लँडलाइनचा नंबर थेट घेत नाही. तो आधी मोबाइल कंपनीकडे न्यावा लागतो. घरगुती इंटरनेट फोन देणाऱ्या इतर अनेक सेवा तो थेट घेतात. पोर्टिंग पुरं होईपर्यंत जुनी लाइन बंद करायला सांगू नका, नंबर हातचा जातो. त्याच तारेवर इंटरनेट असेल तर तेही बंद पडू शकतं. आजारी माणसाच्या गळ्यातलं मदतीचं बटण त्या लाइनला जोडलेलं असेल, तर आधी त्याची सोय करा. तांब्याच्या तारेला वीज एक्सचेंजमधून मिळते, त्यामुळे घरातली वीज गेली तरी साधा फोन चालतो. इंटरनेट फोन राउटरबरोबर बंद पडतो. ९११ साठी घरचा पत्ता नव्या सेवेत नोंदवणं तर पहिल्याच दिवशी करायचं काम.

भारतात लँडलाइनचा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही. ती मुभा फक्त मोबाइलला आहे. तरी वाट पूर्ण बंद नाही. बीएसएनएल अनेक ठिकाणी तांब्याची लाइन फायबरवर नेताना जुना नंबर कायम ठेवतं आणि फायबरवरचा तो फोन मुळात इंटरनेटच्याच पद्धतीने चालतो. जिओच्या घरगुती फायबरचा लँडलाइन नंबर जिओजॉइन अ‍ॅपमधून मोबाइलवर घेता येतो. कॉल घरातल्या फोनवर आणि अ‍ॅपवर एकाच कंपनीच्या जाळ्यातून येतो, हा त्यातला मोठा फायदा.

परदेशातून भारतात कॉल वळवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी दूरसंचार विभागाने एक यंत्रणा सुरू केली. बाहेरच्या देशातून येणारा, पण भारतीय नंबर दाखवणारा बनावट कॉल ती अडवते. पहिल्या चोवीस तासांतच असे १.३५ कोटी कॉल पकडले गेले. भामट्यांचा त्रास पाहता हे हवंच होतं. पण नाशिकच्या भावाने तुमच्या न्यू जर्सीच्या नंबराला फोन केला आणि तो तिथून वळून, भावाचाच नंबर दाखवत, तुमच्या पुण्यातल्या सिमवर येऊ लागला, तर तोही यात अडकू शकतो. अशा वेळी कॉल सिमकडे न वळवता वायफायवरच्या अ‍ॅपमध्येच घ्यावा. तो टेलिफोनच्या जाळ्यातून भारतात शिरत नाही.

भारतात मोबाइलवर स्टार ४०१ हॅश लावून फॉरवर्डिंग सुरू करण्याची सोयही दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली. कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याची बतावणी करून भामटे लोकांना तो आकडा दाबायला लावत आणि बँकेचे फोन स्वतःकडे वळवून घेत. आईवडिलांना हे आठवणीने सांगा.

नवी व्यवस्था लावून झाली की भारतात निघण्याआधीच ती तपासावी. एक कॉल मोबाइलवरून करावा, एक दुसऱ्या लँडलाइनवरून, एक भारतातून, आणि एक नंबर लपवून. लपवलेल्या कॉलला ‘प्रायव्हेट’ असंच दिसायला हवं. चारही कॉल एकाच नंबराने आले, तर कंपनीला फोन लावून ‘वळवणाऱ्याचा नको, मूळ फोन करणाऱ्याचा नंबर पाठवा’ असं स्पष्ट सांगावं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. सोबत कॉलची तारीख, वेळ आणि दोन्ही नंबर द्यावेत. तेवढ्यावरून त्यांच्या तंत्रज्ञाला तो कॉल नोंदींत शोधता येतो आणि ‘फ्रॉम’मध्ये कोण बसलं होतं ते पाहता येतं.