‘सॉकर’ शब्दाची कुळकथा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचे एक आप्त अमेरिकेहून सहकुटुंब आले होते. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा अंगणांत चेंडू पाहतांच म्हणाला, “आजोबा, सॉकर खेळूं या ना!” आम्हीं तत्काळ त्याची चूक काढली, “बाळ, या खेळाचें खरें नांव फुटबॉल. सॉकर हें अमेरिकनांनीं केलेलें विद्रूप आहे.” मुलगा खजील होऊन गप्प बसला. पुढें सहज कोश उघडून पाहिला, तेव्हां खजील होण्याची पाळी खरोखर आमची होती, असें दिसून आलें.

हा शब्द अमेरिकेंत नव्हे, इंग्लंडांत जन्मला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें ‘फुटबॉल’ हें कोणा एकाच खेळाचें नांव नव्हतें. मोठमोठ्या शाळांचे नियम निरनिराळे असत. रग्बी येथील शाळेंत चेंडू हातीं घेऊन धांवण्याची मुभा होती. इतरत्र तो मुख्यतः पायानेंच खेळावयाचा. यांत एकवाक्यता व्हावी म्हणून २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडन येथें कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले व त्यांनीं ‘फुटबॉल असोसिएशन’ स्थापन केली. परंतु चेंडू घेऊन धांवणें आणि प्रतिपक्ष्याच्या नडगीवर लाथ मारणें, या दोन्ही गोष्टी नियमांतून वगळण्याचें ठरतांच ब्लॅकहीथ क्लब रुसून बाहेर पडला. १८७१ मध्यें रग्बीपक्षानें आपला निराळा संघ काढला. एका कुळाच्या अशा दोन शाखा झाल्या: ‘रग्बी फुटबॉल’ व ‘असोसिएशन फुटबॉल’.

एवढीं लांब नांवें विद्यार्थ्यांच्या जिभेस कशीं मानवावीं? शब्द छाटून त्यास ‘अर’ हा प्रत्यय जोडण्याची ऑक्सफर्डच्या तरुणांना हौस होती. त्यांनीं ब्रेकफास्टचें ‘ब्रेकर’ केलें, रग्बीचें ‘रगर’ केलें आणि ‘असोसिएशन’च्या पोटांतील एस, ओ, सी हीं तीन अक्षरें उचलून ‘सॉकर’ बनविलें. मूळ शब्दांतील ‘सी’चा मृदु उच्चार प्रत्यय लागतांच ‘क’ झाला. चार्ल्स रेफर्ड-ब्राउन या ऑक्सफर्डच्या खेळाडूनें हा शब्द प्रथम उच्चारला, अशी एक आख्यायिका आहे. परंतु तिला भक्कम पुरावा नाहीं.

मग हा शब्द अमेरिकेचा कसा ठरला? तेथें ‘फुटबॉल’ हें नांव रग्बीपासून निघालेल्या दुसऱ्याच एका खेळानें बळकाविलें. तेव्हां या खेळास ओळखण्याची खूण म्हणून सॉकर शब्द उपयोगी पडला. १९१३ मध्यें स्थापन झालेल्या तेथील संघानें १९४५ मध्यें आपल्या नांवांत ‘सॉकर’ घातलें आणि १९७४ मध्यें ‘फुटबॉल’ गाळलें. इंग्लंडांतही हा शब्द पुष्कळ दिवस सुखानें नांदत होता. मँचेस्टर युनायटेडचे नामांकित व्यवस्थापक सर मॅट बझ्बी यांच्या १९७३ सालच्या आत्मचरित्राच्या नांवांत ‘सॉकर’ व ‘फुटबॉल’ हे दोन्ही शब्द आहेत. पुढें मात्र तो अमेरिकन वाटूं लागल्यामुळें पुष्कळ इंग्रजांस नकोसा झाला. लेकरूं परदेशीं स्थिरावलें आणि घरच्यांनीं त्यास परकें ठरविलें, असाच हा प्रकार होय! उलटपक्षीं, ऑस्ट्रेलियांतील संघानें २००५ मध्यें ‘सॉकर’ टाकून ‘फुटबॉल’ पत्करलें. जपानांत ‘साक्का’ म्हणूनच हा खेळ ओळखला जातो.

यांत आम्हांस घेण्यासारखा बोध आहे. पगार, चावी, बटाटा हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द आम्ही घरचे म्हणून वापरतों. मात्र मुलांच्या तोंडीं एखादा अनोळखी शब्द आला कीं, त्याची विचारपूस न करतां त्यास भ्रष्ट ठरवितों. शब्दास नांवें ठेवण्यापूर्वी त्याचें कुळ विचारावें, आणि मुलाची चूक काढण्यापूर्वी आपलें ज्ञान तपासावें.

त्या मुलास आम्हीं पत्र लिहून ही सर्व हकीकत कळविली आणि चूक आमची होती, हेंही कबूल केलें. त्याचें उत्तर दोनच ओळींचें आलें: “आजोबा, पुढच्या सुटींत आपण फुटबॉल खेळूं. पण गोलकीपर तुम्ही!”