ओरेसुंडच्या पाण्यापासून युटाच्या माळापर्यंत

(द्वितीय वर्ष कला)

अमेरिकेतील युटा राज्याच्या मध्यभागी सॅनपीट नावाचे एक उंच खोरे आहे. चहूबाजूंनी डोंगर, पाऊस बेताचा आणि हिवाळा कडक. या खोऱ्यातील इफ्राइम, मँटाय, स्प्रिंग सिटी या गावांच्या जुन्या दफनभूमींत हान्सेन, पेटरसन, लार्सेन, ख्रिस्टेनसेन अशी नावे दगडांवर ओळीने कोरलेली आढळतात. ही नावे इंग्रजांची नव्हेत, ती डेन्मार्कची आहेत. ज्या देशात कोठेही उभे राहिले तरी समुद्र फारसा दूर नसतो, त्या देशातील शेतकरी समुद्रापासून शेकडो कोस आत, अशा कोरड्या मुलखात काय म्हणून येऊन राहिले असतील? त्यांना ओढ सोन्याच्या खाणींची नव्हती. त्यांना येथवर आणले ते एका नव्या धर्मपंथाने.

हा पंथ म्हणजे मॉर्मन पंथ होय. या पंथाविषयी आपल्याकडे पुष्कळदा ‘अनेक बायका करणारे लोक’ एवढीच माहिती असते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील गरीब माणसाने धर्म, देश आणि भाषा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कशा बदलल्या, हे समजून घ्यायचे तर या पंथाच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेण्याचे योजिले आहे.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८०५ साली व्हरमाँट राज्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात जन्मला. आपणास देवदूताचे दर्शन झाले, त्याने दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरील प्राचीन लेख आपण ईश्वरी सामर्थ्याने भाषांतरित केला, असे तो सांगे. हा ग्रंथ, म्हणजेच ‘बुक ऑफ मॉर्मन’, १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पामायरा येथे छापला गेला आणि त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी पंथाची रीतसर स्थापना झाली. अनुयायी त्या ग्रंथास बायबलच्या बरोबरीने पवित्र मानतात. त्यातील प्राचीन अमेरिकेच्या कथेस पुरातत्त्वाचा आधार मिळत नाही, असे पंथाबाहेरील संशोधक म्हणतात. हा वाद आजही मिटलेला नाही.

नव्या पंथाच्या वाट्यास छळ आला. मिसूरी राज्याच्या गव्हर्नरने १८३८ साली मॉर्मनांचा संहार करावा किंवा त्यांस राज्याबाहेर घालवावे, असा हुकूमच काढला. तो अधिकृतपणे रद्द होण्यास १९७६ साल उजाडावे लागले! मिसूरीतून निघालेल्या लोकांनी इलिनॉय राज्यात नावू नावाचे नगर वसविले. तेथे स्मिथच्या हाती फार सत्ता एकवटली. त्याच्याविरुद्ध लिहिणाऱ्या एका वृत्तपत्राचा छापखाना १८४४ साली मोडून टाकण्यात आला, त्याबद्दल त्यास अटक झाली आणि २७ जून रोजी कार्थेज येथील तुरुंगावर चालून आलेल्या जमावाने त्याला व त्याचा भाऊ हायरम यास ठार केले. छळ सोसणारेही हेच आणि टीका न सोसणारेही हेच, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

स्मिथच्या मागे ब्रिगहॅम यंग याने बहुसंख्य अनुयायांचे नेतृत्व स्वीकारले. अमेरिकेच्या तत्कालीन सीमेपलीकडे, खाऱ्या सरोवराच्या काठी, २४ जुलै १८४७ रोजी तो पोहोचला. तो मुलूख त्या वेळी नावाला मेक्सिकोचा होता. तेथे पाट काढून शेती करावयाची, गावे वसवावयाची तर माणसे हवी होती. शिवाय जगभरच्या श्रद्धावंतांनी ‘झायन’मध्ये, म्हणजे देवाच्या नगरीत, एकत्र यावे अशी पंथाची शिकवणच होती. धर्माची शिकवण आणि वसाहतीची गरज अशी एकाच दिशेस आली आणि धर्मोपदेशक युरोपच्या वाटेस लागले.

नेमक्या याच सुमारास डेन्मार्कमध्ये एक मोठी घटना घडली होती. ५ जून १८४९ च्या राज्यघटनेने तेथील प्रजेस धर्मस्वातंत्र्य दिले. तोपर्यंत ल्यूथरपंथीय चर्च हेच राज्याचे चर्च होते. बाप्टिस्ट पंथाच्या लोकांनी मुलांचा बाप्तिस्मा करण्यास नकार दिला, तर पोलिसांकरवी मुले उचलून नेऊन तो विधी सक्तीने केला जाई. असा सक्तीचा बाप्तिस्मा करण्याचे ज्यांनी नाकारले त्यांत पीटर ख्रिश्चन किर्केगार्ड हा धर्मगुरू होता. तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड याचा हा थोरला भाऊ. पुढे १८५५ साली याच पीटरने मॉर्मन मताचे खंडन करणारी पुस्तिका लिहिली. मत पटत नाही म्हणून खंडन करावयाचे, पण सक्ती करावयाची नाही, हा त्याचा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

इरॅस्टस स्नो हा मॉर्मन नेता जून १८५० मध्ये कोपनहेगनला पोहोचला. त्याच्या सोबत्यांत पीटर हान्सेन हा मूळचा डेन, तर जॉन फॉर्सग्रेन हा मूळचा स्वीडिश होता. १२ ऑगस्ट रोजी ओरेसुंडच्या सामुद्रधुनीत पहिल्या पंधरा जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. त्यांतील अनेकजण अगोदर बाप्टिस्टांच्या सहवासात होते. पुढच्याच वर्षी हान्सेनच्या परिश्रमातून ‘बुक ऑफ मॉर्मन’चे डॅनिश भाषांतर निघाले. इंग्रजीखेरीज अन्य भाषेत छापला गेलेला त्या ग्रंथाचा हा पहिला अवतार होय.

हा पंथ तेथे का रुजला? केवळ अमेरिकेच्या लोभाने, असे उत्तर त्या काळी धर्मगुरू देत असत. ते अपुरे आहे. जटलंडच्या खेड्यांतील शेतमजूर, गडी, मोलकरणी, शिंपी, चांभार यांना आपल्या देशात जमीन मिळण्याची आशा नव्हती हे खरेच. परंतु गरिबी पूर्वीही होतीच. नवीन गोष्टी दोन होत्या. पहिली म्हणजे वाचन. १८१४ च्या कायद्याने डेन्मार्कमध्ये मुलांचे शिक्षण सक्तीचे झाले होते, त्यामुळे मजुराच्या हातीही पत्रक दिले तर तो ते वाचू शके. दुसरी म्हणजे मान. राज्याच्या चर्चमध्ये तो मागच्या बाकावर बसून ऐकणारा होता. येथे बाप्तिस्म्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्यावर हात ठेवून त्यास उपदेशकाची दीक्षा मिळे. सभेत उभे राहून बोलणे, सभेची टिपणे ठेवणे, वर्गणीचा हिशेब लिहिणे ही कामे त्याजकडे येत. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्यास आजवर कोणी काही विचारले नाही त्याच्या हाती लेखणी येते तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, याची कल्पना करणे मला फारसे अवघड गेले नाही.

विरोध मात्र कायद्याने संपला नाही. ऑल्बोर्ग येथे १८५१ साली जमावाने त्यांच्यावर हल्ले केले. स्वीडनने फॉर्सग्रेनला देशाबाहेर घालविले. नॉर्वेत राज्यचर्चबाहेरील ख्रिस्ती पंथांना मोकळीक देणारा १८४५ चा कायदा होता. पण मॉर्मन हे ख्रिस्तीच नव्हेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८५३ साली दिला आणि उपदेशकांना तुरुंगाच्या वाऱ्या कराव्या लागल्या.

प्रवासाची हकिकत तर अंगावर काटा आणणारी आहे. फॉर्सग्रेनच्या नेतृत्वाखाली पहिला मोठा तांडा डिसेंबर १८५२ मध्ये कोपनहेगनहून निघाला. लिव्हरपूलहून ‘फॉरेस्ट मोनार्क’ या जहाजाने २९७ माणसे न्यू ऑर्लिन्सला गेली, तेथून नदीने वर आणि पुढे बैलगाड्यांनी माळरान तुडवीत सप्टेंबर १८५३ च्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीला पोहोचली. म्हणजे नऊ महिने! गरिबांसाठी पंथाने १८४९ साली एक फिरता निधी उभारला होता. त्यातून भाडे उसने घ्यावयाचे आणि तेथे गेल्यावर कष्टाने फेडावयाचे. खर्च वाचविण्यासाठी १८५६ पासून बैलांऐवजी हातगाड्या आल्या. माणसांनीच सामान ओढीत शेकडो मैल चालावयाचे. त्याच वर्षी विली व मार्टिन यांचे दोन तांडे उशिरा निघाले, वायोमिंगमध्ये बर्फात सापडले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. विलीच्या तांड्यात डॅनिश लोकही होते. त्यांचा पुढारी योहान आमानसन याने पुढे पंथ सोडला व त्यावर टीकाग्रंथ लिहिला.

तरीही लोक येतच राहिले. चित्रकार सी. सी. ए. ख्रिस्टेनसेन हा १८५७ साली लिव्हरपूलला लग्न करून निघाला. नवपरिणीत जोडप्याने हातगाडी ओढीत माळ ओलांडला, आणि गाडीवर डॅनिश झेंडा फडकत होता म्हणतात. कोपनहेगनच्या कला अकादमीत शिकलेल्या या माणसाने पुढे पंथाच्या इतिहासाची तेवीस भव्य चित्रे काढली, ती एकास एक शिवून त्यांची गुंडाळी केली आणि गावोगाव ती उलगडून दाखवीत कथा सांगितली. १८६९ साली लोहमार्ग पूर्ण झाल्यावर वाट सुकर झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे तीस हजार स्कँडिनेव्हियन मॉर्मन अमेरिकेस गेले. त्यांत निम्म्याहून अधिक डेन होते.

या हजारोंपैकी एकीची कथा येथे सांगितली पाहिजे. अ‍ॅना विडत्सो ही नॉर्वेतील एका शाळामास्तरांची विधवा. ट्रॉनहाइम येथे मुलाचे बूट दुरुस्तीस टाकले असता चांभाराने परत देताना त्यांत मॉर्मन पत्रके घालून दिली. तिने ती वाचली, वाद घातले, आणि १८८१ साली कडक थंडीत बाप्तिस्मा घेतला. १८८३ साली दोन मुलांसह ती युटास गेली आणि शिवणकाम करून तिने मुलांना शिकविले. थोरला जॉन हार्वर्डचा पदवीधर झाला, गटिंगेनहून डॉक्टरेट घेऊन आला, कोरडवाहू शेतीचा नामांकित तज्ज्ञ ठरला आणि पुढे युटा विद्यापीठाचा अध्यक्षही झाला.

तथापि या कहाणीस दुसरी बाजू आहे. सॅनपीटचे खोरे रिकामे नव्हते. ते यूट लोकांचे होते. त्यांच्या शिकारीच्या आणि कंदमुळांच्या भूमीवर नांगर फिरला, १८६५ पासून काही वर्षे संघर्ष पेटला आणि अखेर यूटांना राखीव प्रदेशात जावे लागले. स्वतः भूमिहीन असलेल्यांनी इतरांस भूमिहीन केले. बहुपत्नीत्वाची प्रथा १८५२ साली जाहीर झाली, तीमुळे स्वतः नवदीक्षितांतही अस्वस्थता होती आणि मायदेशी बदनामी झाली. १८९० साली पंथाने ती सोडण्याचे जाहीर केले, आणि १८९६ साली युटास राज्याचा दर्जा मिळाला.

आणि भाषा? सॉल्ट लेक सिटीत १८७६ पासून ‘बिकुबेन’ म्हणजे ‘मधमाश्यांचे पोळे’ हे डॅनिश वृत्तपत्र निघे. परंतु नेत्यांचा आग्रह सर्वांनी इंग्रजी शिकावे असा होता. परभाषिकांना इंग्रजी सोपी जावी म्हणून ३८ अक्षरांची एक नवी लिपीही तयार करण्यात आली. ती चालली नाही. मुले शाळेत इंग्रजी शिकली, नातवंडांना आजीची प्रार्थना कळेनाशी झाली आणि १९३५ साली ‘बिकुबेन’ बंद पडले.

मॉर्मन उपदेशक आपल्याकडेही आले होते. ह्यू फिंडले हा १८५२ साली मुंबईस आला व पुण्यासही त्याने काम केले. परंतु काही वर्षांतच ते सारे परतले. ज्या भूमीत उपदेशकच स्वभाषिक होते तेथे पंथ रुजला, हा फरक येथे लक्षात येतो.

आज या पंथाचे दीड कोटीहून अधिक सदस्य जगभर आहेत, आणि ‘मॉर्मन’ हे नाव टाळून पंथाचे पूर्ण नाव वापरावे असा त्यांचा आग्रह आहे. इफ्राइम येथे स्थायिकांनी १८८८ साली सुरू केलेली शाळा आज स्नो महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. त्या नावात ओरेसुंडच्या काठी आलेल्या इरॅस्टस स्नोची स्मृती आहे.

धर्मांतर करणाऱ्या गरिबास ‘फसला’ म्हणणे सोपे असते आणि ‘उद्धरला’ म्हणणेही तितकेच सोपे. या डॅनिश शेतमजुरांनी पत्रके वाचून, वाद घालून निर्णय घेतला होता आणि काहींनी तितक्याच विचारपूर्वक तो बदललाही. त्यांनी मान, जमीन आणि मुलांचे शिक्षण मिळविले. त्याची किंमत त्यांच्या मातृभाषेने आणि यूटांच्या भूमीने दिली. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू मांडल्याखेरीज त्यांचा इतिहास पुरा होणार नाही, असे मला वाटते.