पात्याशेजारची पट्टी

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये करवतीचा आवाज नीट ऐकावा. एका सुरात चाललेला आवाज मध्येच चढला आणि रडका झाला की समजायचं, लाकूड घासतंय. कापलेल्या कडेवर काळपट डाग उमटतो. मग पातं उतरवून धार लावायला धाडलं जातं. बऱ्याचदा पात्याचा काही गुन्हा नसतो, दोष शेजारच्या पट्टीचा असतो.

तिला कुणी फेन्स म्हणतं, कुणी गाईड. लाकूड तिला चिकटवून पुढे सरकवायचं, म्हणजे कापलेला तुकडा सारख्या रुंदीचा निघतो. फ्लॅटमधल्या फर्निचरच्या कामावर बघा: प्लायच्या टेबलाखाली हातातलं सर्क्युलर मशीन उलटं टांगलेलं, आणि फेन्स म्हणजे ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप, दोन्ही टोकांना सी-क्लॅम्प. मिस्त्री पुढे मापतो, मागे मापतो, मग आवळतो. ही काही गरिबीची तडजोड नव्हे. दोन्हीकडे मापायचा कंटाळा केला नाही, तर हा पाइप महागड्या फेन्सइतकंच सरळ कापून देतो.

कंटाळा मात्र सगळीकडे असतोच. 1980 च्या सुमारास अमेरिकेत ॲरिझोनाच्या बिल बिझमायर यांनी टी-आकाराचा फेन्स आणला. तो फक्त पुढच्या रुळावर आवळला जातो आणि आपला आपण समांतर बसतो. जुना डुगडुगणारा फेन्स काढून लोक बहुधा याच जातीचा बसवतात. टेबलाची जुनी भोकं नव्या रुळाशी जुळत नाहीत, ड्रिल मारावं लागतं. बोल्ट-वॉशरसाठी बोहरी आळीची एक फेरी ठरलेली. सगळी मदार पुढच्या रुळावर, म्हणून तो टेबलाच्या पातळीत बसवण्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

खरी चूक पुढे होते. फेन्स थेट पात्याशी जुळवायला जातात. आधी मशीनची पिन काढावी, पातं पूर्ण वर घ्यावं, एका दातावर खडूची खूण करावी. टेबलावरच्या, आडवं कापायचं गेज सरकवण्याच्या खाचेपासून तो दात पुढे किती लांब आहे ते मोजावं, पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजावं. दात बदलला तर वाकडं पातं माप चुकवतं. फरक निघाला तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून पातं खाचेला समांतर करायचं, आणि मगच फेन्स त्याच खाचेला जुळवायचा. फेन्सचं मागचं टोक कागदाच्या जाडीएवढं बाहेर राहिलं तर हरकत नाही. आत मात्र नको.

कारण मागचे दात वर येत असतात. 10 इंची पातं मिनिटाला 4,000 फेऱ्या घेत असेल, तर त्याचा काठ ताशी सुमारे 190 किलोमीटरने धावतो. फेन्स आणि पातं यांच्यामध्ये अडकलेला तुकडा त्या वेगाने उचलला जातो आणि समोरच्याच्या पोटात बसतो. सुताराच्या भाषेत ‘अर्धा सूत’ म्हणजे इंचाचा सोळावा भाग. कपाटाच्या फळीत तेवढा फरक कदाचित खपून जाईल, इथे नाही.

शेवटी गुण्या लावून फेन्स टेबलाशी काटकोनात आहे का बघायचं, एक तुकडा कापायचा, मोजायचा आणि रुळावरच्या मोजपट्टीचा काटा त्या मापावर आणायचा. पुढे 3.2 मिलिमीटर जाडीच्या दातांऐवजी 2.4 चं पातं चढवलं, की काटा किंचित खोटं बोलू लागतो.