कुरटे बेटाची वाट

यवतमाळच्या माणसास पाण्याचा परिचय असतो तो वर्धा-पैनगंगेच्या पुरांचा, अथवा बेंबळा, पूस, अरुणावती या धरणांमागे साठलेल्या निश्चल जलाशयांचा. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, कापसाच्या काळ्या मुलखात ज्यांचा जन्म गेला, त्यांना खारे पाणी पाहण्यास सारा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. म्हणूनच भूमध्य समुद्रातील बेटांची छायाचित्रे पाहून हळहळणाऱ्या आपल्याकडील तरुण मंडळींस सांगावेसे वाटते, की नौकेतून बेटावर जाण्याचा जो थरार आणि तेथे पोहोचल्यावर इतिहासाचे जे दर्शन ते शोधतात, ते दोन्ही मालवणच्या धक्क्यापासून पाव तासाच्या अंतरावर, कुरटे बेटावरील सिंधुदुर्गात त्यांची वाट पाहत आहेत.

तो पाव तास मात्र दरवेळी सारखा नसतो. किनारपट्टीवर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, तेव्हा पाणी बहुधा शांत असते. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात आणि लाटांना उठाव येतो. कार्तिकातील अशाच एका दुपारी आम्ही निघालो. धक्का मागे पडताच होडीचे नाळेकडचे टोक वर उचलले जाई आणि क्षणार्धात खाली आदळे. पाण्याचे सपकारे तोंडावर बसत होते, सोबत आलेल्या मावशीने डोळे घट्ट मिटून माझा दंड आवळला होता, आणि सुकाणूवरचा तांडेल मात्र, ‘बसान रवा, काय होवचा नाय,’ एवढेच बोलून समोरच्या पाण्यावर नजर रोखून उभा होता. तो सरळ रेषेत जात नव्हता; कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत होता. मला प्रथम वाटले, की लाटा चुकविण्यासाठी हे चालले असावे. परंतु पाण्याखाली दडलेल्या खडकांच्या रांगा त्याने बोटाने दाखविल्या, तेव्हा त्या वळणांचा अर्थ ध्यानी आला.

आणि माझ्या मते सिंधुदुर्गाचे खरे मर्म याच वळणांत आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी या दुर्गाचा मुहूर्त केला, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज आदी सत्तांचा जोर होता. त्यांच्या गलबतांना धाक बसवावयाचा तर आरमारास भक्कम ठाणे हवे, आणि ते अशा ठिकाणी हवे, की जेथे परक्या नाखव्याचे तारू खडकांवर फुटावे. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत हे बांधकाम उभे राहिले. पायात शिसे ओतले, सुमारे अठ्ठेचाळीस एकरांच्या बेटाभोवती नागमोडी तट फिरविला, आणि महाद्वार दोन बुरुजांच्या आड असे लपविले, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसतच नाही. भूमध्य समुद्रातही, १५६५चा वेढा परतवून लावल्यावर माल्टाच्या सरदारांनी पुढच्याच वर्षी वॅलेटा नगरीचा पाया घातला होता. समुद्रातील खडकाला तट करण्याची ती बुद्धी आणि ही बुद्धी एकाच जातीची.

आत गेल्यावर चारी दिशांना खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींत गोडे पाणी लागते, याचे आम्हां टंचाईग्रस्त प्रांतातील लोकांस विशेष अप्रूप वाटते. छत्रपती राजाराम महाराजांनी उभारलेल्या शिवराजेश्वराच्या मंदिरातील मूर्तीस दाढी नाही. शिवरायांच्या हातापायांचे ठसे तेथेच तटावर, घुमटीत जपलेले आहेत; त्यांच्यापुढे मावशी किती तरी वेळ हात जोडून उभी होती. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला जिंकून त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. ते नाव टिकले नाही. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत सिंधुदुर्गही आहे.

तटाबुरुजांची मोजमापे सर्व पुस्तकांत मिळतात. खडकांमधली वाट मात्र आजही तांडेलाच्या ओठांवर आणि हातांत आहे. विदर्भातून जाणाऱ्यांना माझी विनंती आहे: पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर, सकाळच्या पहिल्या होडीने निघा, जीवरक्षक जॅकेट घालण्यास कंटाळू नका, आणि तांडेल ‘आज नको’ म्हणाला, तर शेकडो कोस प्रवास करून आलो आहोत अशी सबब सांगून त्याच्याशी हुज्जत घालू नका.