गुडघ्याचे ऑपरेशन : वाटा तीन, मुक्काम एक



भाताची लावणी आणि उसाच्या मोळ्या यांत जन्म गेलेल्या आपल्या भोर-वेल्ह्यातील वडीलधाऱ्यांची एक तक्रार गावोगाव कानी येते : "गुडघं कामातनं गेलं." कोणी पुण्याहून ऑपरेशन करून आला की पारावर चर्चा सुरू होते, "स्नायू न कापता करत्यात म्हणे, तेच करावं का?" म्हणून हा खुलासा.

आपण 'वाटी बदलली' म्हणतो. प्रत्यक्षात वाटी जागेवरच राहते. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती बसवितात. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी असेच बदलले; डावा २००० साली, उजवा २००१ साली.

सांध्यापर्यंत पोचण्याच्या मुख्य वाटा तीन. कातडीवरचा छेद तिन्हींत पुढूनच असतो. फरक आत आहे.

पहिली, मीडियल पॅरापटेलर. मांडीच्या स्नायूचा कंडरा आतल्या कडेने उभा चिरून वाटी बाजूला सारतात. सांधा स्वच्छ दिसतो. पाय फार वाकडा, आखडलेला किंवा रोगी स्थूल असेल तर ही वाट सोयीची.

दुसरी, मिडव्हास्टस. कंडरा न चिरता आतल्या बाजूच्या स्नायूचे धागे विलग करतात.

तिसरी, सबव्हास्टस. स्नायू न कापता खालून उचलून धरतात. जागा अपुरी मिळते, म्हणून हात सरावलेला हवा.

शेवटच्या दोन वाटांनी सुरुवातीच्या दिवसांत दुखणे थोडे कमी राहते, पाय लवकर उचलता येतो. पण काही महिन्यांनी तिन्ही रोगी जवळपास सारखेच चालतात. तेव्हा 'स्नायू न कापता' एवढ्या शब्दासाठी उसाच्या बिलावर जादा उचल घेऊ नये, असे आम्हांस वाटते. डॉक्टरांना विचारावे : "तुमच्या हाताला कोणती वाट सरावाची? माझ्या गुडघ्याला कोणती बरी?"

खर्चाचेही नीट विचारावे. २०१७ साली सरकारने कृत्रिम सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये, कर वेगळा. बाकी खर्च निराळा असतो, म्हणून सांध्याचे बिल स्वतंत्र मागावे.

ऑपरेशनपूर्वी रक्तातील साखर ताब्यात आणावी, नाहीतर जखम चिघळण्याची भीती. नंतर व्यायाम चुकवू नये, उकिडवे बसणे व डोक्यावर मोळी घेणे सोडावे. वाट कोणतीही निवडा, पुढचे चालणे आपल्यालाच आहे.