खांब पाहावा वाकून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या काळी गावात वीज नव्हती. असती तर 'खांब पाहावा वाकून' हेही त्यांनी पुढे जोडले असते. आपण विजेच्या खांबाकडे पाहतो केव्हा, तर लाइट गेली म्हणजे. तेव्हाही मान वर करूनच. वाचकहो, मी दोन वर्षे जे काम केले त्यात मान वर जाते ती थोडा वेळ. उरलेला सारा वेळ खाली वाकावे लागते. हे असे का, तेवढेच या लेखात सांगायचे आहे.

बारावीनंतर कॉलेजात न येता मी आयटीआयमध्ये तारतंत्रीचा, म्हणजे आपल्या बोलीत वायरमनचा, अभ्यासक्रम केला. पुढे एका ठेकेदाराकडे खांब तपासणीच्या कामावर लागलो. भाग होता रायगड जिल्ह्याचा दक्षिण किनारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच बाजूने जमिनीवर आले आणि माडापोफळींबरोबर असंख्य खांबही आडवे झाले. मी तिथे गेलो तो २०२२ च्या उन्हाळ्यात. नवे खांब उभे होते, जुने वाचलेलेही उभे होते. त्यातला कोणता येत्या पावसाळ्यात दगा देईल ते ओळखायचे आणि वहीत 'ठीक', 'दुरुस्ती' किंवा 'बदली' यांपैकी एक शब्द लिहायचा, हे माझे काम. हत्यारे म्हणाल तर हातोडी, ओळंबा, मोजपट्टी, एक खुरपे आणि रंगाचा डबा.

आता खुरपे कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर हाच या विद्येचा गाभा आहे. खांबाच्या लांबीचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत पुरलेला असतो. म्हणजे नऊ मीटरचा खांब असेल तर दीड मीटर मातीत. वारा तारांना ढकलतो, तारा खांबाच्या शेंड्याला ओढतात आणि त्या ओढीचा सगळा जोर एकवटतो तो खांब जमिनीतून वर येतो त्या ठिकाणी. उसाचे टिपरू हातात धरून शेंडा वाकवून पाहा, ते मुठीपाशी मोडते. खांबाचेही तसेच. आणि दैवाचा खेळ असा, की गंजही नेमका तिथेच जास्त. खोल मातीत हवा कमी, वर ओल टिकत नाही. पण जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात हवा, पाणी आणि माती तिघेही भेटतात. समुद्रकाठी त्यात मीठ मिसळते. जिथे जोर अधिक तिथेच झीज अधिक. म्हणून वर चकचकीत रंग दिलेला लोखंडी खांब बुडाशी पापडासारखा पातळ झालेला असू शकतो. बुडाची माती खुरप्याने उकरायची, हातोडी मारायची आणि कान द्यायचा. धड लोखंड खणखणीत बोलते, खाल्लेले लोखंड बद्द आवाज करते.

सिमेंटच्या खांबाला गंज नाही असे लोक समजतात. पण त्याच्या पोटात पोलादी तारा ताणून भरलेल्या असतात. बारीक तड्यातून पाणी आत गेले की त्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून सिमेंट फोडून बाहेर येतो. असा तांबूस डागाचा उभा तडा दिसला की 'ठीक' हा शब्द विसरायचा. अमेरिकेत बहुतेक खांब अजूनही लाकडाचे आहेत. तिथला तपासनीसही हातोडी वाजवतो आणि बुडाभोवती दीडेक फूट खणून लाकूड कुजले आहे का ते पाहतो. देश बदलला, खांब बदलला, तरी वाकणे काही सुटत नाही.

मान वर करून पाहण्यासारखेही असतेच. चिनीमातीच्या इन्सुलेटरवर उन्हाळाभर धूळ बसते, किनाऱ्यावर मीठही बसते. मुसळधार पाऊस ते धुऊन टाकतो. पण पहिली भुरभुर त्याचा नुसता चिखल करते आणि त्या ओल्या थरातून वीज वाट काढते. 'चार थेंब पडले की लाइट जाते' ही आपली तक्रार खरी आहे, त्याचे एक मोठे कारण हे. तारांची उंचीही पाहावी लागते. रस्ता ओलांडणारी घरगुती विजेची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ हजार व्होल्टची किमान ६.१ मीटर हवी, असा नियम आहे. उन्हाने तार लांबते आणि झोळ खाली येतो, म्हणून हे माप मे महिन्यातल्या दुपारी घेतलेले बरे.

राहिली ताणाची तार. जिथे लाइन संपते किंवा वळते तिथे तारांची ओढ एकाच बाजूने असते. तेव्हा उलट बाजूने जमिनीत तिरपी तार रोवून खांब सावरतात. तिला आम्ही ताण म्हणतो. या ताणाच्या मध्ये, जमिनीपासून निदान तीन मीटर उंचीवर, अंड्याच्या आकाराचा चिनीमातीचा इन्सुलेटर असला पाहिजे. वर एखादी जिवंत तार सुटून ताणाला टेकली, तरी त्या अंड्याखालचा भाग मृत राहतो. मुठीएवढी वस्तू; पण ती नसली तर काय होते ते मला पुस्तकाने शिकवले नाही.

एका वाडीच्या टोकाला शेवटचा खांब होता. मधे करवंदीची दाट जाळी आणि पलीकडे गडगा. मे महिन्याची दुपार, आणि आम्हाला पैसे मिळत ते खांबामागे. मी गडग्याअलीकडूनच पाहिले. खांब सरळ दिसला. वहीत लिहिले, 'ठीक'.

जुलैत त्या वाडीतून निरोप आला. एका आजींची गाय ताणाला मान घासायला गेली आणि तिथेच कोसळली. आम्ही लाइन बंद करून पाहिले, तर वादळानंतरच्या घाईत कोणीतरी तो ताण अंड्याशिवायच जोडला होता, आणि वाऱ्याने सुटलेली एक तार वर त्याला टेकली होती. फ्यूज का उडाला नाही, असे लोक विचारू लागले. ओल्या मातीतून जाणारा प्रवाह गाय मारायला पुरतो, पण फ्यूज उडवायला पुरत नाही. शिवाय जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून दूर असल्याने जमिनीतला प्रवाह त्याच्या छातीतून जातो. हे सर्व मी लोकांना नीट समजावून सांगितले. आजी ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "खांब बघून गेलास तो तूच ना रे बाबा? मग हे कसं नाही दिसलं?"

या प्रश्नाचे उत्तर आयटीआयच्या पुस्तकात नव्हते.

विजेने माणूस किंवा जनावर दगावले तर २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे त्याची खबर द्यावी लागते आणि चौकशी होऊ शकते. माझी वही मागवली गेली. ठेकेदाराच्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितले, "मे महिन्यात अंडं होतं, नंतर पडलं असेल, असं सांग." तसे सांगणे सोपे होते. पण गडग्याजवळ उभ्या असलेल्या आजी डोळ्यांसमोरून हलेनात. मी लिहून दिले, की मी त्या खांबापाशी गेलोच नव्हतो. ठेकेदाराने मला पंधरा दिवस घरी बसवले. माझ्या जबाबाने आजींची गाय परत आली नाही. मात्र त्यानंतर त्या भागातले सगळे ताण पुन्हा तपासले गेले, आणि आणखी दोन ठिकाणी अंडे नसल्याचे आढळले. त्यातला एक ताण एका अंगणात होता आणि त्यावर कपडे वाळत होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी त्याच कामावर होतो. त्या वर्षी वहीतला एकही 'ठीक' मी खांबाला हात लावल्यावाचून लिहिला नाही. दिवसाला खांब कमी झाले, पैसेही कमी मिळाले. पुढे शिकायची ओढ होतीच, म्हणून काम सोडून या कॉलेजात नाव घातले.

मित्रहो, तुम्ही कोणी खांब तपासायला जाणार नाही. पण खांबाशेजारून तर रोज जाता. तेव्हा एवढे करा: खांबाला किंवा ताणाला जनावर बांधू नका, कपड्यांची तार बांधू नका, पावसात त्याला हात टेकू नका. बुडाची माती वाहून गेलेली, खांब कललेला, ताण सैल झालेला किंवा वेल तारांपर्यंत चढलेला दिसला तर १९१२ या क्रमांकावर कळवा. तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता इतरांनाही लांब ठेवा.

आपल्या कॉलेजच्या फाटकाबाहेर एक लोखंडी खांब आहे. निवडणुकीची पत्रके आणि क्लासच्या जाहिराती यांनी त्याचे अंग झाकून गेले आहे. प्रवेश घेतला त्या दिवशी, पावती खिशात घालून, मी त्याच्या बुडाशी वाकलो. मागून कोणीतरी विचारले, "काय रे, पैसे पडले का?"

मी म्हणालो, "नाही, बघतोय." खांब ठीक होता. हात लावून सांगतो.